महोगनीऐवजी कोणतं लाकूड घ्यावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी सुट्टीच्या दिवशी लाकूडकाम करतो. पोट त्यावर नाही, पण ओळखीपाळखीतून फोन येत राहतात, आणि त्यातले निम्मे एकाच वाक्याने सुरू होतात: "महोगनी बघत होतो, पण..." त्या 'पण'च्या पुढचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

महोगनीसारखं दुसरं लाकूड कोणतं?

असं विचारलंत तर उत्तर चुकीचंच मिळणार. आधी सांगा, महोगनीतलं तुम्हाला नेमकं काय हवंय?

बहुतेकांना रंग हवा असतो. आपल्याकडे महोगनी हे लाकडाच्या नावापेक्षा पॉलिशच्या छटेचं नाव म्हणूनच जास्त माहीत आहे. पॉलिशवाल्याच्या डब्यावर ती असते, लॅमिनेटच्या कॅटलॉगमध्ये असते, केस रंगवायच्या पाकिटावरही असते. रंगच हवा असेल तर काम सगळ्यात सोपं, कारण तो बाहेरून आणता येतो.

महोगनीची खरी करामत वेगळी आहे. ती फार हलत नाही. हवेतला ओलावा वाढला की कोणतंही लाकूड फुगतं, घटला की आकसतं. महोगनी हे दोन्ही बेताने करते. शिवाय वाढीच्या वर्तुळांना आडवं आणि वर्तुळांच्या बाजूने, अशा दोन्ही दिशांना बऱ्यापैकी सारखं आकसते, त्यामुळे फळी वाकत-पिळत नाही. वर रंधा-पटाशीला ती सरळ आहे आणि वजनाला मध्यम, म्हणजे सुकलेल्या लाकडाचं घनफुटाला साधारण १६-१७ किलो. हे सगळे गुण एकाच लाकडात क्वचित भेटतात, म्हणून अठराव्या शतकात इंग्लंडचे फर्निचरवाले तिच्यामागे लागले. १७२१ मध्ये तिथल्या सरकारने वसाहतींमधून येणाऱ्या लाकडावरची जकात काढून टाकली आणि वेस्ट इंडीजमधली जंगलं रिकामी व्हायला लागली.

तुमच्या कामाला यातला कोणता गुण लागतो ते ठरलं की पर्याय आपोआप पुढे येतो. बहुतेक वेळा एक किंवा दोनच लागतात.

खरी महोगनी म्हणजे कोणती?

स्विटेनिया या वंशाची तीन झाडं, तिन्ही अमेरिका खंडातली: कॅरिबियन बेटांवरची लहान पानाची, मेक्सिकोपासून ॲमेझॉनपर्यंतची मोठ्या पानाची, आणि मध्य अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची. बाजारात 'होंडुरस महोगनी' म्हणतात ती मोठ्या पानाची.

भारतात लहान पानाची महोगनी १७९५ मध्ये कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली, मोठ्या पानाची १८७२ मध्ये. म्हणजे झाड आपल्याकडे नवीन नाही.

मूळ प्रदेशातल्या तिन्ही जाती साइट्स या, धोक्यातल्या झाडा-प्राण्यांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या यादीत आहेत. मोठ्या पानाची सगळ्यात शेवटी, २००३ पासून आली. दुसरी यादी म्हणजे बंदी नव्हे, पण परवान्याशिवाय माल सीमा ओलांडू शकत नाही. अमेरिका खंडाबाहेर लागवड केलेल्या मोठ्या पानाच्या महोगनीला, मग ती फिजीची असो की आपल्याकडची, ही अट लागू नाही.

मग 'आफ्रिकन महोगनी', 'फिलिपाइन महोगनी', 'इंडियन महोगनी' ही काय भानगड आहे?

व्यापाऱ्यांनी लावलेली आडनावं. त्यातली काही खरी नातेवाईक आहेत, काही नुसती उसनी.

आफ्रिकन महोगनी म्हणजे खाया. सख्खी चुलत बहीण. रंग जवळचा, वजन जरा जास्त, रेषा थोड्या उलटसुलट. खायाच्या आफ्रिकेतल्या जातीही आता साइट्सच्या दुसऱ्या यादीत आहेत. २०२२ च्या पनामा परिषदेत तसं ठरलं. तेव्हा 'महोगनीवर निर्बंध आहेत म्हणून खाया घेतो' हा युक्तिवाद आता तितकासा चालत नाही.

फिलिपाइन महोगनी म्हणजे लवान किंवा मेरांटी. महोगनीशी काडीचाही संबंध नाही. दाराच्या चौकटीला ठीक आहे, पण महोगनीच्या भावात घेऊ नका.

इंडियन महोगनी हे नाव तून आणि चिकराशी या दोन्ही झाडांना लावतात, आणि त्याला आधार आहे. महोगनी, खाया, सॅपेली (हेही आफ्रिकेतलंच लाकूड), तून, चिकराशी ही सगळी मंडळी एकाच कुळातली, आणि ते कूळ आपल्या कडुनिंबाचं. महोगनी ही निंबाची भाऊबंद. हे कळल्यावर माझा शोध निम्मा घराजवळ आला.

वखारीत ओळखायचं कसं?

दहा पटीचं भिंग खिशात ठेवा आणि फळीच्या टोकाला धारदार पात्याने एक स्वच्छ काप घ्या. खरबरीत टोकावर काहीही दिसत नाही.

महोगनीत वाढीच्या कडांना बारीक फिकट रेघा दिसतात. खायात त्या सहसा नसतात. मेरांटीत टोकावर पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी वळणावळणाने जाताना दिसतात, त्या राळेच्या नळ्या. महोगनीत तशा सहसा नसतात. सॅपेलीची छिद्रं बारीक असतात आणि ताज्या कापाला देवदारासारखा वास येतो. पॉलिश केलेल्या किंवा रंग लावलेल्या तुकड्यावरून मात्र भल्याभल्यांना ओळखता येत नाही, तेव्हा दुकानदाराने चमकता नमुना पुढे केला तर कच्ची फळी मागा.

सगळे सॅपेली घ्या म्हणतात. घेऊ का?

आयात लाकडात महोगनीच्या सगळ्यात जवळ जाणारं आणि बऱ्यापैकी मिळणारं तेच. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतलं. रंग तांबूस-तपकिरी, वेळ जाईल तसा गडद होत जाणारा. रुंद फळ्या मिळतात. उभ्या कापाच्या, म्हणजे वाढीची वर्तुळं फळीच्या पृष्ठाला काटकोनात येतील अशा चिरलेल्या फळीवर रिबिनीसारखे आळीपाळीने उजळ-गडद पट्टे दिसतात आणि उन्हात ते जागा बदलतात. देखणं लाकूड आहे, प्रश्नच नाही.

पण तीन गोष्टी आधी ऐकून ठेवा.

एक, हे पट्टे येतात त्याच कारणाने रंधा मारताना फसगत होते. दर काही वर्षांनी रेषांची दिशा उलटते, त्यामुळे एका पट्ट्यात रंधा सुरेख चालतो आणि शेजारच्यात रेषा उपटतात. माझ्या पहिल्या सॅपेलीच्या फळीला प्लॅनरमधून काढल्यावर देवी आल्यासारखं दिसत होतं. तेव्हापासून एका वेळी अगदी पातळ थर, नवी धार, आणि शेवट स्क्रॅपरने.

दोन, लोखंड आणि ओल एकत्र आली की निळे-काळे डाग पडतात. ओल्या फेविकॉलवर लोखंडी क्लॅम्प थेट लावू नका, मध्ये प्लास्टिकचा तुकडा घाला.

तीन, आणि महत्त्वाचं: सॅपेली महोगनीइतकी स्थिर नाही. साध्या कापाच्या फळ्या जोडून तीन फूट रुंद टेबलटॉप केला आणि लाकडातला ओलावा सहा टक्क्यांनी बदलला, तर महोगनी सुमारे ८ मिलिमीटर हलेल, सागवान १० च्या आसपास, सॅपेली १३. म्हणून रुंद कामाला सॅपेली घेतलीत तर उभ्या कापाचीच घ्या. त्या कापात हालचाल जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होते.

वजनही धरा. घनफुटाला १९ किलोच्या घरात.

आपल्या मातीतलं काही सांगा ना.

तून. कोकणात आणि घाटात काही जण कुरक म्हणतात. मिरजेच्या सतारमेकरांना विचारा, ते पिढ्यान्‌पिढ्या सतारी-तंबोऱ्यांची दांडी आणि तबली (भोपळ्यावरचं लाकडी झाकण) तुनाचीच करतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. वाद्याला लाकूड हलकं, सुकल्यावर शांत बसणारं आणि कोरायला मऊ लागतं. महोगनीतले तीन गुण तिथेच भेटले. रंगही विटकरी लाल, वास मंद गोड.

उणीव कुठे, तर मऊपणात. घनफुटाला १३-१४ किलो. नखाने दाबलं तर खूण उमटते. जेवणाच्या टेबलाला घेऊ नका, मुलांच्या अभ्यासाच्या टेबलालाही नको. दागिन्यांची पेटी, कपाटाची झडपं, चित्राच्या चौकटी, खणांच्या आतल्या बाजू यांना मात्र माझी पहिली पसंती तुनाला. गाभ्याबाहेरचं फिकट लाकूड काढून टाका, कीड तिथेच आधी लागते.

कडुनिंब. हसू नका. जुन्या निंबाचा गाभा तांबूस-तपकिरी असतो आणि नीट निवडलेली फळी लांबून महोगनीचा भास करून देते. कीड त्याच्या वाटेला फारशी जात नाही. अडचण अशी की रेषा उलटसुलट, आणि लांब-सरळ फळी मिळणं नशिबाचं. छोट्या कामाला, स्टुलाला, पेटीला छान. गल्लीतला निंब वाऱ्याने पडला की मी आधी त्याच्या बुंध्याकडे बघतो.

शिवण. फिकट पिवळसर, त्यामुळे दिसायला महोगनीच्या उलट टोकाला. पण गुणाने जवळ: हलकं, कोरायला लोण्यासारखं, एकदा सुकलं की जागचं हलत नाही. देवघराला कोरीवकाम करायचं असेल आणि रंगाचा हट्ट नसेल तर शिवणीसारखं लाकूड नाही.

ऐन आणि किंजळ यांची नावं कोणी सुचवेल. मजबूत आहेत, पण जड आणि सुकताना तडकणारी. तुळईला उत्तम. ज्याला महोगनी हवी होती त्याला ती आवडणार नाहीत.

सागवानच का नको?

नको असं कोण म्हणतंय? दार-खिडकी, बाल्कनीतला झोपाळा, पावसाची झड लागणारी कोणतीही वस्तू असेल तर मी महोगनीच्या आधी सागवान घेईन. बल्लारपूरच्या डेपोतला चंद्रपूर-गडचिरोलीचा साग अयोध्येच्या मंदिराच्या दारांपर्यंत गेला, तो उगाच नाही.

अडचण प्रतीची आहे. 'साग' या एका शब्दाखाली वखारीत सीपी (जुन्या मध्य प्रांतातला) साग, बर्मा साग, आणि आफ्रिका-दक्षिण अमेरिकेतून आलेला कमी वयाच्या लागवडीचा साग शेजारी शेजारी उभे असतात. कोवळ्या सागात पांढरा भाग जास्त, तेल कमी. तो सागाच्या भावात घेण्यापेक्षा चांगली सॅपेली परवडली.

जुना वाडा उतरवला की निघणाऱ्या तुळया-खांबांचं लाकूड मात्र डोळे झाकून बघायला जा. शंभर वर्षं सुकलेलं, हलायचं विसरलेलं. लपलेले खिळे शोधायला लोहचुंबक न्या, नाहीतर गिरणीवाला पातं तुटल्याचे पैसे तुमच्याकडून घेईल आणि ते बरोबरच असेल.

शिसम?

दिमाख हवा असेल तर. जुन्या मुंबईच्या दिवाणखान्यांतलं कोरीव काळसर फर्निचर शिसवीचं होतं, म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या शिसवाचं. आज राजस्थानातून येणाऱ्या फर्निचरचं शिसम हे उत्तरेकडचं, तपकिरी-सोनेरी झाक असलेलं. घनफुटाला २२ किलोच्या आसपास, घट्ट, स्क्रू न तोडता बसवायचे तर आधी भोक पाडावंच लागतं. खुर्चीला, टेबलाच्या पायांना उत्तम. मोठ्या कपाटाला केलंत तर घर बदलताना हमाल तुमची आठवण काढतील.

परदेशात न्यायची वस्तू असेल तर लक्षात ठेवा, शिसमचा जवळजवळ सगळा वंश साइट्सच्या दुसऱ्या यादीत आहे.

रबरवुड, आंबा, बाभूळ?

रबरवुड: चीक देऊन थकलेल्या रबराच्या झाडांचं लाकूड. फिकट, रंग चांगला घेतं, महोगनी छटा सहज बसते. घराच्या आत ठीक, ओलीत कुजतं. आंबा: स्वस्त, सुंदर रेषा, पण घुण लागतो, प्रक्रिया केल्याशिवाय घेऊ नका. बाभूळ: दणकट, हत्याराच्या दांड्याला. फर्निचरला हट्टाने करायचीच तर करा.

आमच्या शेतात आठ-दहा वर्षांची महोगनीची झाडं आहेत. तीच कापून वापरू का?

गेल्या काही वर्षांत महोगनीची रोपं विकायला शिवारोशिवारी माणसं फिरली, एकरी कोटीची गणितं कागदावर मांडून. ती गणितं मी इथे तपासत बसत नाही. स्वतःच्या वापरासाठी झाड आहे, तर का नाही?

आधी झाड कोणतं ते बघा. फळ लांबट, फांदीवर उभं राहणारं, आत पंखांच्या बिया असतील तर स्विटेनिया. फळ चेंडूसारखं गोल आणि कठीण असेल तर तुम्हाला महोगनी म्हणून खाया विकलं गेलंय. वाईट नाही, पण माहीत असावं.

दहा वर्षांच्या खोडात गाभा थोडा आणि पांढरं लाकूड भरपूर असतं. पुस्तकातला तो गडद लाल रंग, ती टिकाऊ प्रत जुन्या जंगली झाडांची होती. कोवळी महोगनी फिकट गुलाबी निघते, आणि तिच्या पांढऱ्या भागाला कीड लागते. म्हणून फळ्या चिरल्या चिरल्या बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून काढा. टोकांना ऑइलपेंट किंवा मेण लावा, नाहीतर तिथून चिरा जातात. मग सावलीत, जमिनीपासून वर, दोन फळ्यांच्या मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून रचा. एक इंच जाडीला एक वर्ष हा जुना हिशोब आहे. आपल्या उन्हाळ्यात थोडा लवकरही भागतो.

तोडण्याआधी परवानगीची चौकशी करा. सागवान, ऐन, किंजळ, आंबा, फणस यांसारखी झाडं महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आहेत, तेव्हा बांधावरची तीही सोबत तोडायचा विचार असेल तर वनविभागाकडे गेल्याशिवाय कुऱ्हाड लावू नका.

लाकूड सुकलंय हे कसं समजायचं? आणि किती सुकलेलं हवं?

ओलावा मोजायचं छोटं यंत्र घ्या. लाकूड निवडण्यात जितक्या चुका होतात त्याहून जास्त ओल्या लाकडामुळे होतात, आणि दोष लाकडाच्या जातीला मिळतो.

मुंबई-कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये उघड्यावरचं लाकूड १५ टक्क्यांच्या वर सहज जातं. नागपूरच्या मे महिन्यात तेच ८ च्या खाली येतं. पावसाळ्यात मुंबईला घेतलेल्या फळ्यांचं टेबल करून विदर्भात पाठवलं तर काय होईल? मला माहीत आहे, कारण मी पाठवलं होतं. टॉप खालच्या चौकटीला घट्ट स्क्रूने आवळला होता. एप्रिलमध्ये बहिणीचा फोन आला, "दादा, मध्यभागी वाटाणा जाईल एवढी फट पडलीय." सॅपेली होती. महोगनी असती तर फट लहान पडली असती, पण पडली असतीच. आता मी टॉपच्या स्क्रूसाठी लांबट खाचा पाडतो, म्हणजे लाकडाला सरकायला जागा राहते.

फळ्या आणल्या की ज्या घरात वस्तू राहणार तिथे दोन-तीन आठवडे तशाच ठेवा. १० ते १२ टक्के आला की बहुतेक ठिकाणी चालतं. विदर्भासाठी आणखी खाली.

महोगनीचा रंग कसा आणायचा?

तुनाला आणि सॅपेलीला फारसं काही करावं लागत नाही. लाखेचं पॉलिश, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी, पातळ हातांनी पाच-सहा वेळा दिलं की रंग खुलतो. घाई असेल तर एक जुनी युक्ती: ज्या लाकडात टॅनिन आहे त्यावर चुन्याची निवळी फिरवली की ते वयस्कर दिसायला लागतं. आधी टाकाऊ तुकड्यावर करून बघा, आणि सुकल्यावर पांढरा थर ओल्या फडक्याने पुसून घ्या.

रबरवुड, शिवण यांना स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, लागेल. इथे एक चूक सगळे करतात: एकदम गडद महोगनी छटा मारतात आणि खालच्या रेषा पार बुजवून टाकतात. मग लॅमिनेट काय वाईट होतं? फिकट दोन हात द्या.

आरशासारखी चमक हवी असेल तर छिद्रं आधी भरावी लागतात. कोणत्याही सॅपेली-सागवानावर नुसता पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) मारून ती येत नाही.

सॅपेली घासताना शिंका येतात. चालायचंच का?

नाही. सॅपेली, साग, शिसम, तिन्हींची धूळ नाका-त्वचेला त्रास देऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ १९९५ मध्येच कर्करोगकारक गटात घातली. रुमाल बांधून भागत नाही, चांगला मास्क वापरा आणि सँडिंग उघड्यावर करा. सुताराकडून काम करून घेत असाल तर त्याच्यासाठीही दोन मास्क आणून ठेवा.

मी अमेरिकेत राहतो, गॅरेजमध्ये काम करतो. मला यातलं काय मिळणार?

सॅपेली तिथे आपल्यापेक्षा सहज मिळते. पण तिथलं चेरीचं लाकूड बघा: वजनाने महोगनीजवळ, कामाला गुणी, उन्हाने महिन्याभरात तांबूस होत जाणारं. स्थिरतेत सॅपेलीसारखंच, तेव्हा वरचे टेबलटॉपचे नियम लागू. भारतातून फळ्या सोबत न्यायचा विचार सोडा; बेकायदा मिळवलेल्या प्राणी-वनस्पतींचा व्यापार रोखणारा तिथला लेसी कायदा २००८ पासून लाकडालाही लागू आहे. हिशोबाला सोपं म्हणून: आपला एक घनफूट म्हणजे तुमचे १२ बोर्ड फूट.

किती लाकूड घ्यायचं, आणि फसवणूक कुठे होते?

फळीचा हिशोब: लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिघांचा गुणाकार भागिले १४४, झाले घनफूट. गाठी, चिरा, रंध्यात जाणारी जाडी धरून पाव भाग जास्त घ्या. सॅपेलीला तिसरा हिस्सा जास्त घ्या, रिबिनी जुळवताना तुकडे वाया जातात.

गोल ओंडका घ्यायचा असेल तर घेराचा चौथा हिस्सा इंचांत काढून त्याचा वर्ग करतात, त्याला फुटांतल्या लांबीने गुणून १४४ ने भागतात. या पद्धतीत खऱ्या लाकडाच्या साधारण ७८ टक्केच मोजलं जातं. चिरताना जाणारा भुसा-साल गिऱ्हाइकाच्या माथी येऊ नये म्हणून ही सूट धरलेली आहे. वखारवाला ओंडका या मापाने न देता 'अख्खं माप' म्हणाला, तर भाव त्याप्रमाणे खाली यायला हवा. तो येतो का, ते टेप हातात घेऊन त्याच्यासमोरच बघा.